गावाचा नकाशा आपणही वाचू या

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघाले की वाटेत नेरे गाव लागते. जवळून गाढी नदी वाहते. आजूबाजूला भाताची शेते आहेत. पण आता हा मुलूख झपाट्याने बदलत आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विमानतळ आला, की मागून रस्ते येतात, इमारती येतात.

ही वाढ वेडीवाकडी होऊ नये म्हणून सरकारने २०१३ साली विमानतळाभोवतीचा एक मोठा टापू ठरवला. त्याला 'नैना' म्हणतात. त्याची आखणी सिडकोकडे दिली. पहिल्या २३ गावांचा आराखडा सरकारने २०१७ साली मंजूर केला. त्यात नेरे गाव आहे.

आराखडा म्हणजे काय? आपण घर बांधताना आधी ठरवतो, की चूल इथे, देवघर तिथे, अंगण पुढे. तसेच गावाचे. रस्ता कुठे, शाळा कुठे, दवाखाना कुठे, मैदान कुठे, हे आधी कागदावर ठरते. घराला अंगण नसेल तर जीव गुदमरतो. गावाचेही तसेच आहे.

पण अंगणाला जमीन लागते. ती कोणाची? इथेच खरी अडचण आहे. नैनाच्या नगररचना योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरतात. मग मालकाला सुमारे ४० टक्के जमीन आखीव भूखंड म्हणून परत मिळते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्यातले १६ गुंठे हाती येतात. बाकीची जमीन रस्ते, बागा, शाळा आणि इतर कामांसाठी जाते. सिडको म्हणते, भूखंडावर जास्त बांधकाम करता येईल, भावही वाढेल. पुष्कळ शेतकरी म्हणतात, "आमचं फार जातंय." त्यांनी त्यासाठी आंदोलनेही केली आहेत. दोन्ही बाजू नीट समजून घ्याव्यात. पण एक गोष्ट उघड आहे. जमीन आपली जाणार असेल, तर तिच्यावर काय होणार हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

तेव्हा काय विचारावे? आम्हाला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट मोकळ्या जागेची. गुरे चारायची जागा, नदीकाठ, देवळापुढचे पटांगण, मसणवट, हे सारे नकाशात दाखवले आहे का? जे कागदावर नाही, ते पुढे जागेवरही राहत नाही.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. पावसाळ्यात देहरंग धरणाकडे शहरातली माणसे लोटतात. कोणी भजी विकतो, कोणाच्या घरी जेवण होते. चार पैसे मिळतात. पण कचरा पडतो, वाट अडते, माणसे बुडतातही. म्हणून गाड्या उभ्या करायला जागा, संडास आणि धोक्याच्या पाट्या यांची सोय आधी हवी.

तिसरी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात शंभरात सुमारे दहा माणसे साठीच्या पुढची होती. आता हे प्रमाण वाढले आहे. नेरे येथे शांतिवनात वृद्धाश्रम आहे. पण बहुतेक म्हातारी माणसे आपल्या घरीच राहतात. त्यांना काय हवे? चालत जाता येईल असा दवाखाना. रस्त्याकडेला सपाट वाट. सावलीत एक पार. मोठा रस्ता घर आणि दवाखाना यांच्यामधून गेला, तर आजीने तो ओलांडायचा कसा?

आता बोलायचे कुठे? गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. तिथे ठराव मांडावा. आराखडा तयार झाला, की सरकारी राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत नोटीस निघते. तिच्यात हरकतीची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. नगररचना योजनेत लवाद नेमतात. तो मालकाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकतो. त्या दिवशी सातबारा घेऊन हजर राहावे.

मुदत गेल्यावर ओरडून फारसा उपयोग होत नाही. नोटीस आली, तर ती कोनाड्यात ठेवू नका. आता आपल्याला वाचता येते. ओट्यावर बसा, घरातल्या म्हाताऱ्यांना जवळ बोलवा आणि मोठ्याने वाचा. नकाशात काय राहून गेले, हे तेच आधी सांगतील.