अंग बाळाचं, घाई कोणाची?

बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘काय झालं?’ आईची तब्येत कशी आहे, बाळ रडलं का, हे सगळं मागाहून. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. मिठाईवाल्याकडे पळायला कोणीतरी चपला घालून तयारच असतो.

पण मैत्रिणींनो, एखाद्या वेळी दार उघडतं, नर्सबाई बाहेर येतात आणि काहीच सांगत नाहीत. ‘डॉक्टरीणबाई बोलतील,’ एवढंच म्हणतात. बाळ धडधाकट असतं, रडतही असतं. पण मुलगा की मुलगी हे नुसतं पाहून सांगता येत नाही. अशा बाळांना आज ‘इंटरसेक्स’ म्हणतात, मराठीत आंतरलिंगी. हे कोणाचं पाप नाही, ग्रहणात भाजी चिरल्याचा परिणाम नाही. पोटात गर्भ घडताना निसर्गानं घेतलेलं ते एक निराळं वळण आहे.

मग घरात कुजबुज सुरू होते. चार लोक काय म्हणतील? उद्या हिचं (की ह्याचं?) लग्न कसं व्हायचं? आणि कोणीतरी सुचवतं, ‘काय ते ऑपरेशन आत्ताच उरकून टाका. बाळाला काही कळायच्या आत!’

या ‘आत्ताच’बद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे. कारण हे ‘आत्ताच’ कायद्यानं थांबवावं की काय, यावर आपल्याकडे आणि परदेशांतही कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत. काही देशांनी तर अशा शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांना तुरुंगाची शिक्षा ठेवली आहे.

औषधाची घाई करा, कात्रीची नको

आधी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. अशा बाळांच्या बाबतीत एक घाई अगदी खरी असते, आणि ती औषधाची.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, ॲड्रिनल नावाच्या. काही बाळांत त्या ग्रंथींचं काम जन्मतः बिघडलेलं असतं. डॉक्टर त्याला सी.ए.एच. म्हणतात. साधारण दहा-पंधरा हजार बाळांमागे एखाद्याला हा विकार असतो. शरीरात मीठ धरून ठेवणारी द्रव्यं कमी तयार होतात आणि पुरुषी संप्रेरकं जास्त. त्यामुळे आत गर्भाशय आणि बीजकोश व्यवस्थित असलेली मुलगी बाहेरून मुलासारखी दिसू शकते. मुलगा असेल तर बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही, आणि म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

या विकाराच्या तीव्र प्रकारात दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे नेमकी बारशाची गडबड असते तेव्हा, बाळ दूध ओढेनासं होतं, उलट्या करतं, मलूल पडतं, वजन घटतं. ‘दृष्ट लागली असेल’ म्हणून मीठमोहऱ्या ओवाळत बसलात तर बाळ हातचं जाईल! रक्ताची तपासणी आणि हायड्रोकॉर्टिसोनसारखी औषधं वेळेवर मिळाली, तर हेच मूल शाळेत जातं, खेळतं, मोठं होतं. औषध मात्र जन्मभर नियमानं घ्यावं लागतं.

आणखी एक, सासूबाईंना आवर्जून वाचून दाखवा. हा विकार एकट्या आईकडून येत नाही. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच तो होतो, आणि अशा जोडप्याला प्रत्येक खेपेस चारात एक एवढी शक्यता असते. मामे-आतेभावंडांत लग्न झालं असेल तर ही शक्यता वाढते. तेव्हा सुनेला बोल लावण्यात काही अर्थ नाही.

औषधाची ही निकड आणि शस्त्रक्रियेची घाई यांची मात्र गल्लत होते. लघवी अडत असेल, जीवाला धोका असेल, तर शस्त्रक्रिया करायलाच हवी. तिला कोणाचाच विरोध नाही. वाद आहे तो निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा. बाळाचं अंग मुलीसारखं किंवा मुलासारखं ‘नीट’ दिसावं म्हणून कापणं, शिवणं, आतल्या ग्रंथी काढून टाकणं. पुढे संवेदना कमी होऊ शकते, व्रण आखडतात, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. ग्रंथी काढल्या तर मूल होण्याची काही आशा असेल तीही जाते. टाके उसवून कापड पूर्ववत करता येतं, अंग नाही.

ही घाई आली कुठून?

ही पद्धत रूढ झाली ती १९५० नंतर, अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयापासून. तिथले मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांचं म्हणणं असं, की मूल दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत मन कोऱ्या पाटीसारखं असतं. अंगाला हवा तो आकार द्या आणि तसंच वाढवा, की झालं.

या मताला मोठा आधार ठरलं ते कॅनडातल्या एका बाळाचं उदाहरण. १९६५ साली जन्मलेला हा जुळ्यांतला मुलगा आंतरलिंगी नव्हता. सुंता करताना विजेच्या उपकरणानं त्याची इंद्रिय-हानी झाली. मनी यांच्या सल्ल्यानं आईवडिलांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया करवली आणि ‘ब्रेंडा’ नाव देऊन मुलगी म्हणून वाढवलं. प्रयोग यशस्वी झाल्याचं जगाला सांगितलं गेलं. घरात मात्र ते मूल झगे घालायला तयार नव्हतं, शाळेत एकटं पडत होतं. १९८० साली, चौदाव्या वर्षी, वडिलांनी त्याला खरं काय ते सांगितलं. त्यानं डेव्हिड हे नाव घेतलं आणि पुरुष म्हणून जगू लागला. पुढे लग्नही केलं. १९९७ साली त्याची खरी हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली. २००४ साली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, डेव्हिड रायमरनं स्वतःचं जीवन संपवलं.

त्याच्या आईवडिलांना दुष्ट म्हणायचं का? मुळीच नाही. त्यांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला, लेकराच्या भल्यासाठीच सगळं केलं. म्हणूनच ही गोष्ट आपल्याला जास्त लागते. प्रेमापोटीसुद्धा चूक होते, आणि ती परत फिरवता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

तुम्ही म्हणाल, ‘आईबापांनी संमती दिली, मग गुन्हा कसला?’ आपला कायदाही साधारण असंच म्हणत आला आहे. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्हेतूनं, पालकांच्या संमतीनं केलेली गोष्ट गुन्हा होत नाही. पूर्वीच्या दंडसंहितेचं ८९ वं आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचं २७ वं कलम हेच सांगतं. पण त्याला एक मर्यादा आहे. मोठी इजा करायची असेल तर ती मृत्यू किंवा तशीच मोठी इजा टाळण्यासाठी, नाहीतर गंभीर आजार वा व्यंग बरं करण्यासाठीच हवी. आता निराळं दिसणं हे ‘व्यंग’ आहे का? सगळी मेख तिथंच आहे.

२२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी याचं उत्तर दिलं. आईबापांची संमती ही मुलाची संमती मानता येत नाही, असं सांगून त्यांनी आंतरलिंगी अर्भकांवरच्या अशा शस्त्रक्रिया बंद करण्याचा आदेश तामिळनाडू सरकारला दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं तसा हुकूम काढला. जीवावर बेतलं असेल तेवढाच अपवाद ठेवला.

ऑगस्ट २०२३ मध्ये केरळात याच्या उलट बाजूचं प्रकरण आलं. सात वर्षांच्या, मुलगी म्हणून वाढवलेल्या मुलाचे आईवडीलच शस्त्रक्रियेची परवानगी मागायला उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती व्ही. जी. अरुण यांनी ती सरसकट दिली नाही. तज्ज्ञांच्या समितीनं मुलाला तपासावं, जीवाला धोका असेल तरच पुढे जावं, आणि सरकारनं यासाठी नियम करावेत असं सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि केंद्र सरकारला नोटीस निघाली.

परदेशांत माल्टा या चिमुकल्या देशानं २०१५ साली सर्वांत आधी अशी बंदी केली. जर्मनीनं २०२१ साली कायदा केला. ग्रीसनं २०२२ साली पंधरा वर्षांखालच्या मुलांवर न्यायालयाच्या परवानगीवाचून अशी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली आणि मोडणाऱ्या डॉक्टरला दंड व कैद ठेवली.

अमेरिकेतली उलटी तऱ्हा

तुमची भाची किंवा जाऊ अमेरिकेत असेल तर तिच्याकडून तिथल्या कायद्यांबद्दल ऐकलं असेल. ते प्रकरण निराळं आहे. तिथे प्रश्न आहे तो ट्रान्सजेंडर मुलांचा, म्हणजे ज्यांचं अंग एक सांगतं आणि मन दुसरं, अशा मुलांचा. २०२२ साली अलाबामा राज्यानं एकोणीस वर्षांखालच्या अशा मुलांना यौवन लांबवणारी औषधं किंवा संप्रेरकं देणं आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणं हा फौजदारी गुन्हा ठरवला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद. टेनेसी राज्याचा २०२३ चा असाच बंदी कायदा (त्यात कैद नाही) १८ जून २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी कायम केला.

त्यामागचं एक मुख्य कारण असं सांगितलं जातं, की मूल अजाण आहे, त्याच्या शरीरात परत न फिरणारा बदल करू नका. या उपचारांच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं जातं. त्यात इथे शिरत नाही. पण अलाबामाच्या कायद्यातला अपवाद पाहा. जन्मतःच लैंगिक घडण निराळी असलेल्या मुलांना ही बंदी लागू नाही! म्हणजे पंधरा वर्षांचं मूल स्वतःच्या तोंडानं, आईवडिलांना बरोबर घेऊन औषध मागेल, तर डॉक्टर तुरुंगात. आणि पंधरा महिन्यांच्या बाळावर, ज्याला बोलताही येत नाही, त्याच्यावर शस्त्रक्रिया केली तर ती चालते. ‘मूल अजाण आहे’ हे कारण खरं मानायचं तर ते सर्वांत आधी या तान्ह्याला लागू व्हायला नको का?

तुरुंग हाच उपाय का?

दुसरी बाजूही ऐकून घेऊ. काही शल्यवैद्य सांगतात, लहानपणी जखम लवकर भरते. सी.ए.एच. असलेल्या काही स्त्रियाही म्हणतात, ‘आमचं तेव्हाच उरकलं ते बरं झालं.’ तुरुंगाच्या धाकानं डॉक्टर गरजेच्या शस्त्रक्रियेलाही कचरतील, किंवा सगळं चोरून चालेल, ही भीतीही खोटी नाही. आणि आपल्याकडच्या आईची भीती तर फारच खरी आहे. शेजारीण बाळाचं लंगोट बदलताना डोकावेल, शाळेत पोरं चिडवतील, ही धास्ती कोणता कायदा दूर करणार?

म्हणून नुसती शिक्षा ठेवून भागणार नाही. केरळच्या न्यायालयानं सुचवली तशी तज्ज्ञांची समिती जिल्ह्याच्या पातळीपर्यंत हवी, आणि आईवडिलांशी शांतपणे बोलणारं माणूस तीत हवं. तरीही जिथे वाट पाहता येते तिथे कात्री चालवायची नाही, ही रेघ कायद्यानं ठळक ओढलीच पाहिजे. असं माझं स्पष्ट मत आहे.

वाट पाहिल्यानं काय होतं? बीड जिल्ह्यातल्या एका पोलीस शिपायाची बातमी आठवत असेल. मुलगी म्हणून वाढलेल्या या व्यक्तीनं तपासण्या करून घेतल्या, खात्याशी झगडून परवानगी मिळवली आणि २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात स्वतःच्या निर्णयानं शस्त्रक्रिया करून घेतली. त्रास कमी झाला नाही. पण निर्णय ज्याचा त्यानं घेतला.

तुमच्या घरी किंवा नात्यात असं बाळ आलं, तर

* सी.ए.एच.ची तपासणी झाली का, हे पहिल्याच दिवशी विचारा. रक्तातलं मीठ तपासायला सांगा.
* शस्त्रक्रिया सुचवली तर तीन प्रश्न विचारा: आज केली नाही तर बाळाच्या जीवाला काय होईल? मूल मोठं होईपर्यंत थांबता येईल का? यानंतर आणखी किती शस्त्रक्रिया लागतील?
* लहान मुलांचे संप्रेरकतज्ज्ञ आणि समुपदेशक यांना भेटल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका.
* तपासण्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं मुलगी किंवा मुलगा म्हणून जरूर वाढवा. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही. पुढे मूल वेगळं काही सांगू लागलं तर ऐकायची तयारी ठेवा.
* सगळे कागद जपून ठेवा, आणि मूल विचारील तेव्हा त्याच्या वयाला समजेल असं खरं सांगा. या मुलांना लपवाछपवीच सर्वांत जास्त दुखवते.

आणि बारसं? बाळाची तब्येत ठीक असेल तर थाटात करा. पेढे वाटा, बर्फी वाटा, नाहीतर दोन्ही वाटा. कोणी खोचून विचारलंच, तर ‘बाळ छान आहे’ एवढं उत्तर पुरे.