कपाळावरची सुंठ

डोके दुखू लागले की सहाण मागवायची, सुंठीचा तुकडा पाण्यात उगाळायचा आणि कोमट लेप कपाळावर घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. सुंठ म्हणजे वाळवलेले आले. संस्कृतातील 'आर्द्रक', म्हणजे ओले, यावरून मराठीत आले झाले आणि उर्दूत अद्रक. अरबीत त्याला 'जंजबील' म्हणतात. स्वर्गातल्या पेयात ते मिसळलेले असेल, असे कुराणात म्हटले आहे. आयुर्वेदाने तर सुंठीला 'विश्वभेषज' असे नाव दिले. नाव मोठे आहे, पण गुण पारखून घ्यावा.

ओल्या आल्यात जिंजेरॉल नावाचे द्रव्य असते. आले वाळताना त्यातल्या काही भागाचे शोगाओल होते आणि ते अधिक तिखट. म्हणून सुंठीचा लेप चुणचुणतो, कपाळाला ऊब येते, ठणक्यावरचे लक्ष थोडे हलते. शिवाय लेप लावलेल्या बाईला निदान तेवढा वेळ कोणी चुलीपुढे बसवत नसे. अंधाऱ्या खोलीत घटकाभर पडून राहणे हाही औषधाचाच भाग होता.

पोटात घेतलेल्या सुंठीची परीक्षाही झाली आहे. इराणमध्ये अर्धशिशीच्या 100 रुग्णांपैकी काहींना आल्याची पूड आणि काहींना सुमाट्रिप्टान हे नेहमीचे औषध दिले. दोन तासांनी दोन्हीकडे आराम जवळपास सारखाच होता. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र नुसती खोटी गोळी दिलेला गट त्यात नव्हता. पुढे ब्राझीलमध्ये तीन महिने रोज आले देऊन पाहिले, तेव्हा अर्धशिशी टाळण्यासाठी ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. म्हणजे उठलेल्या दुखण्याला थोडा उतार पडू शकेल. दुखणे उठूच नये यासाठी सुंठीवर विसंबू नये. सोबतच्या मळमळीला मात्र आल्याचा उपयोग होतो.

कपभर गरम पाण्यात पाव चमचा सुंठ आणि गुळाचा खडा पुरे. लेप पातळ असावा, डोळ्यांपासून दूर ठेवावा, आग झाली तर लगेच धुवावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुंठ घ्यावी.

त्याआधी कारण पाहावे. रोज्याचे पहिले दिवस असोत की एकादशी, डोके दुखते ते बहुधा चुकलेला चहा, कमी पडलेले पाणी आणि अपुरी झोप यांमुळे. महिन्यातले पंधरा दिवस किंवा अधिक वेदनाशामक गोळ्या घेत राहिले, तर काही महिन्यांत त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

आणि काही दुखणी सहाणेपाशी थांबू देऊ नयेत. एकाएकी उठलेली असह्य वेदना, तापाबरोबर ताठरलेली मान, बोबडी वळणे, हातपाय लुळे पडणे, दृष्टी अंधुक होणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे यांपैकी काहीही असले, तर तडक रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांना दाखवावी. घरातली बाई 'लेप लावते, होईल बरे' म्हणाली, तरी तिला घेऊन जावे.