कालव: जो शिपाई, तोच आचारी

आजचा विषय थेट तुमच्या ताटातला आहे.

बोर्डीला ओहोटी लागली की समुद्र कुठच्या कुठे मागे जातो. चिखल उघडा पडतो, खडक उघडे पडतात आणि खडकाला घट्ट चिकटलेली कालवंही दिसू लागतात. कालव एकदा चिकटलं की आयुष्यभर तिथेच. पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांनी गाळायचं, त्यातलं बारीक शेवाळ खायचं, बाकी पाणी सोडून द्यायचं. पण त्याच पाण्यातून जंतूही येतात. पळायची सोय नाही. मग हे जगतं कसं?

उत्तर त्याच्या रक्तात आहे. कालवाला हृदय असतं, पण रक्त लाल नसतं, जवळजवळ रंगहीन असतं. ते फक्त नळ्यांतून वाहत नाही, अवयवांमधल्या पोकळ्यांतही पसरतं. त्यातल्या पेशी अमिबासारख्या सरपटतात. जंतू दिसला की त्याला वेढतात, गिळतात आणि आतल्या रसायनांनी विरघळवतात. परजीवी खूप मोठा असेल तर अनेक पेशी मिळून त्याच्याभोवती भिंत उभी करतात. आपल्यासारखी अँटिबॉडी कालवाकडे नसते, त्यामुळे मुख्य भिस्त या पेशींवर.

पेशी अशा गिळतात हे आपल्याला कळलं तेही समुद्री जीवामुळेच. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचला, तर त्याच्याभोवती पेशी गोळा झाल्या! या कामासाठी त्यांना 1908 चं नोबेल मिळालं.

आता गंमत बघा. कालवाच्या या पेशी आतड्याची भिंत ओलांडून जातात, तिथले अन्नकण गिळतात, पचवतात आणि पोषण शरीरात पोचवतात. ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ सी. एम. यंग यांनी 1926 मध्येच हे मांडलं होतं. मुख्य पचन पाचकग्रंथीतच होतं, पण या पेशींचा हातभार असतो. म्हणजे कोड एकच, ‘पकड, गिळ, विरघळव’. समोर शेवाळ आलं तर जेवण, जंतू आला तर लढाई.

पण गिळलेलं विरघळलंच नाही तर?

इथे आपला संबंध येतो. सांडपाणी समुद्रात गेलं की आपल्या पोटातले विषाणू कालवात शिरतात. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की कावीळ करणाऱ्या हेपॅटायटिस ए सारखे विषाणू याच रक्तपेशींमध्ये टिकून राहतात. अँटिव्हायरसने फाइल क्वारंटाइन केली, पण डिलीट केलीच नाही, तसंच. म्हणून ‘रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवली, आता काही भीती नाही’ हे खरं नाही. त्याने वाळू जाते, बरेच जिवाणूही जातात. पेशीत बसलेला विषाणू मात्र बसूनच राहतो.

वासावरून, चवीवरून तो कळत नाही. लिंबू पिळून मरत नाही. त्याला मारते उष्णता, आणि तीही आतपर्यंत पोचलेली: मांसाच्या मध्यभागी साधारण 90 अंश सेल्सिअस, किमान दीड मिनिट. शिंपला उघडला म्हणजे शिजलं असं नाही, तो त्याआधीच उघडतो. चिवट होईल म्हणून आपण घाईने गॅस बंद करतो. तसं करू नका. शिंपले उघडल्यावरही झाकण ठेवून तीन ते पाच मिनिटं चांगलं उकळू द्या.

थोडं चिवट चालेल, कावीळ नको. पुढच्या भागात भेटू. तोवर कालवांचं कालवण मस्त खा, पण शिजवून!