रब्बी ज्वारी : खत किती, ओल किती?

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर हे प्रवरा नदीकाठचे जुने गाव. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी या भागात आले, पुढे ऊस आला, हरिगावला साखर कारखाना उभा राहिला. त्यामुळे बेलापूर म्हटले की उसाची आठवण होते. पण कालव्याचे पाणी सगळ्या शिवारांना पोचत नाही. जिल्ह्याच्या बऱ्याच मोठ्या भागात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. अशा कोरडवाहू रानात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे पीक पेरले जाते ते म्हणजे रब्बी ज्वारी. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा, असा दुहेरी आधार देणारे दुसरे पीक इथे नाही.

या पिकाबद्दल एक प्रश्न शेतकरी वारंवार विचारतात. शेजारशेजारची दोन राने, बियाणे एकच, युरियाही सारखाच टाकलेला. एका रानात भरदार कणसे, तर दुसऱ्यात सुरुवातीला हिरवेगार दिसणारे पीक दाणे भरायच्या वेळी वाळून आडवे. असे का व्हावे? 'खत बाधले' असे म्हणून हा प्रश्न सोडून दिला जातो. प्रत्यक्षात खत बाधलेले नसते. खताचा आणि पाण्याचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ कसा बसवायचा ते समजले, तर ज्वारीचे उत्पादन वाढवण्याची निम्मी वाट चालून झाली असे समजावे.

जमीन हीच टाकी

खरीप पिकावर पाऊस पडत असतो. रब्बी ज्वारीचे तसे नाही. पेरणीनंतर एखाद-दुसरी परतीची सर आली तर आली. एरवी चार महिने हे पीक जमिनीत आधी साठलेल्या ओलीवरच जगते. म्हणजे जमीन ही पाण्याची टाकी आणि पीक तिच्यातून रोज थोडे थोडे पाणी उपसणारा पंप. टाकी केवढी आहे हे जमिनीच्या खोलीवर ठरते.

काळी चिकणमाती पिकाला उपयोगी पडेल असे पाणी दर १० सेंटिमीटर खोलीला साधारण १५ ते २० मिलिमीटर धरून ठेवते. म्हणजे एक फूट मातीखाली मुरूम लागत असेल, तर टाकीत जेमतेम ५० मिलिमीटर पाणी. दोन फूट माती असेल तर सुमारे १००, आणि तीन फूट असेल तर दीडशेच्या आसपास. शेजारशेजारच्या दोन रानांत हाच फरक असू शकतो, आणि तो वरून दिसत नाही.

आता थोडे गणित करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर, अर्थात १० टन. तेव्हा १०० मिलिमीटर म्हणजे १,००० टन पाणी. यातले सुमारे एक तृतीयांश पाणी पिकाच्या उपयोगी न पडता मातीच्या पृष्ठभागावरून उडून जाते असे धरू. उरले सुमारे ६७० टन. ज्वारीला एक किलो कोरडे वजन (पाने, ताटे, कणीस सगळे मिळून) तयार करायला साधारण ३०० किलो पाणी पानांवाटे बाहेर टाकावे लागते. म्हणजे ६७० टन पाण्यात सुमारे २.२ टन कोरडे वजन तयार होईल. त्याचा तिसरा हिस्सा दाणा धरला, तर हेक्टरी सात-साडेसात क्विंटल ज्वारी. हा हिशेब ढोबळ आहे. पण कोरडवाहू रब्बी ज्वारीचे शेतकऱ्यांच्या रानातले उत्पादन हेक्टरी एक टनाच्या आतच बहुधा का घुटमळते, हे त्यातून समजते.

एका किलोला ३०० किलो पाणी हे ऐकायला फार वाटते. पण गहू यापेक्षा कितीतरी अधिक पाणी घेतो. ज्वारी, मका आणि ऊस या पिकांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी आहे. तिला सी-४ पद्धत म्हणतात. पानांची छिद्रे थोडीच उघडी ठेवूनही ही पिके हवेतला कार्बन डायऑक्साइड चांगला पकडतात. छिद्रे कमी उघडल्याने पाणीही कमी जाते. ज्वारी कोरडवाहू रानात तग धरते त्याचे एक मोठे कारण हे आहे.

वरच्या गणितातून आणखी एक आकडा निघतो आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिकासाठी १० मिलिमीटर पाणी वाचवले, तर हेक्टरी सुमारे एक क्विंटल ज्वारी वाढते. तेव्हा मशागतीचे प्रत्येक काम 'याने किती मिलिमीटर पाणी वाचेल?' या प्रश्नाने तपासावे.

टाकी भरणे आणि झाकणे

पहिले काम पावसाळ्यातच करायचे. रब्बीसाठी पड ठेवलेल्या रानात उतार पाहून साधारण १० मीटर बाय १० मीटरचे वाफे बांधले, तर जोराच्या सरीचे पाणी वाहून न जाता जागच्या जागी मुरते. वाहून जाणाऱ्या पाण्यापैकी २० मिलिमीटर अडले तरी दोन क्विंटलांची सोय झाली, शिवाय वाहून जाणारी माती वाचली ती वेगळीच.

ही दृष्टी नवी नाही. मुंबई इलाख्यात पुण्याजवळच्या मांजरी येथे १९२३ मध्ये कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे संशोधन केंद्रे निघाली. सोलापूरला एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांची सांगड घालून कोरडवाहू शेतीची एक पद्धतच बसवली. तिचा गाभा आजही तोच आहे.

पेरणीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही शिफारस केलेली आहे. पंचांगाच्या भाषेत उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा हा काळ. पेरणी लांबत जाईल तशी वरच्या थरातली ओल उडत जाते, आणि रोपांची मुळे खालच्या ओलीपर्यंत पोचायच्या आधीच वरची माती कोरडी पडते.

पीक उभे राहिले की टाकी झाकण्याचे काम कोळप्याचे. पीक तीन आठवड्यांचे असताना फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने, अशा तीन कोळपण्या सांगितल्या जातात. तणे पाणी पितात, ती निघतात हा पहिला फायदा. दुसरा फायदा काळ्या मातीचा स्वभाव पाहिला की कळतो. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. या भेगांतून खोलवरची ओलही बाहेर पडते आणि मुळे तुटतात. तिसऱ्या कोळपणीने भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत मातीचा थर तयार होतो. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे शेतकरी म्हणतात ते उगाच नव्हे.

खताचे काम काय?

आता खताकडे वळू. ज्वारीच्या दाण्यात साधारण १.६ टक्के नत्र असते आणि कडब्यात अर्धा टक्का. साडेसात क्विंटल दाणा आणि १५ क्विंटल कडबा यांत मिळून सुमारे २० किलो नत्र जाते. ओल जास्त असेल आणि साडेबारा क्विंटल दाणा व २५ क्विंटल कडबा येणार असेल, तर ३०-३५ किलो. म्हणजे नत्राची गरज पाण्याच्या मापाने वाढते. कोरडवाहू रब्बी ज्वारीसाठीच्या शिफारशी याच क्रमाने आहेत. हलक्या जमिनीला हेक्टरी २५ किलो नत्र, मध्यम जमिनीला ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद, आणि भारी जमिनीला ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद. हिशेबापेक्षा हे आकडे थोडे जास्त आहेत, कारण टाकलेले सगळे नत्र पिकाला मिळत नाही.

खत अजिबात दिले नाही तर काय होते? उपाशी रोपाची मुळे उथळ राहतात, पाने उशिरा पसरतात. उघड्या मातीतून पाणी उडून जाते आणि खालच्या थरातले पाणी वापरलेच जात नाही. टाकीत पाणी असून पीक तहानलेले, अशी ही स्थिती. योग्य खत दिलेले पीक तेवढ्याच पाण्यात अधिक दाणा देते.

आणि खत जास्त झाले तर? रोपे झपाट्याने वाढतात, पाने मोठी होतात, रान डोळ्यांत भरते. पण मोठी पाने म्हणजे मोठा पंप. पीक फुलोऱ्यात येईपर्यंतच टाकी रिकामी होत जाते. मग दाणा भरताना पीक ताटातला साठा ओढून कणसाकडे पाठवते आणि ताट दुबळे होते. मातीतली एक बुरशी अशा दुबळ्या ताटात शिरते, आतला गाभा पोखरते आणि ताटे जमिनीलगत कोलमडतात. हाच खडखड्या रोग. कमी ओल, जास्त नत्र आणि दाट पेरणी हे तिन्ही एकत्र आले की तो बळावतो. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. भारी रानाला मानवलेला युरिया उथळ रानातल्या पिकाला शेवटी पाण्याविना सोडून गेला.

खत देण्याची रीतही पाण्यावरच ठरते. कोरडवाहू पिकाला सगळे खत पेरणीच्या वेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या जवळ पण मातीत खोल द्यायचे. एक महिन्यानंतर वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीवर पडून राहतो, मुळांपर्यंत पोचत नाही, आणि चुनखडीयुक्त मातीत त्याचा काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो. पाणी देण्याची सोय असेल तर गोष्ट बदलते. तेव्हा निम्मे नत्र पेरताना आणि निम्मे महिन्याने देता येते, आणि मात्राही वाढवता येते. मध्यम जमिनीत ८० किलो नत्र, ४० किलो स्फुरद व ४० किलो पालाश, तर भारी जमिनीत १०० किलो नत्र आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी ५० किलो. एकच पाणी देता येणार असेल, तर ते पीक पोटरीत असताना, म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी द्यावे. दोन देता आली तर पहिले २५ ते ३० दिवसांनी.

वाण आणि विरळणी

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरीप ज्वारीचे उत्पादन वाढू लागले. रब्बीत मात्र संकरित वाणांचा तसा जम बसला नाही. ओलीचा ताण, थंडी आणि खोडमाशी यांना तोंड देत टपोरा, चमकदार दाणा आणि गोड कडबा देईल असा वाण इथे हवा असतो. म्हणूनच सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला मालदांडी ३५-१ आजही टिकून आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा आणि फुले यशोदा. उथळ टाकी लवकर संपते, म्हणून तिथे लवकर तयार होणारा वाण, हे त्यामागचे सूत्र.

पेरणी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतराने करावी. यासाठी हेक्टरी १० किलो बियाणे पुरते. खोडमाशीची अळी कोवळ्या रोपाचा पोंगा मारते, म्हणून बीजप्रक्रिया चुकवू नये. उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी विरळणी करावी. हाताने रोपे उपटणे अनेकांच्या जिवावर येते, पण एका टाकीवर किती पंप बसवायचे हे तेव्हाच ठरते.

शाळेत करून पाहण्यासारखे

गावातल्या शाळांना हा सगळा विषय रानात जाऊन शिकवता येईल. शेतकऱ्याला विचारून पेरणीच्या सुमारास दोन रानांत लहान खड्डे घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा. प्रत्येक १५ सेंटिमीटर थरातली शंभर-शंभर ग्रॅम माती घेऊन तिचे वजन करा, ती तव्यावर मंद आचेवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. घटलेले वजन म्हणजे ओल. हेच महिन्या-महिन्याने केले, तर टाकी कशी उतरत जाते याचा आलेख मुले स्वतः काढतील.

दोन सारख्या डब्यांत सारखीच ओली काळी माती भरून उन्हात ठेवा. एकीचा वरचा थर रोज खुरप्याच्या टोकाने भुसभुशीत करा, दुसरी तशीच राहू द्या. दोन्हींचे वजन आठवडाभर टिपून ठेवले की कोळप्याचे काम आकड्यांत दिसेल. आणि उभ्या पिकात १० मीटर लांब ओळीतली ताटे मोजा. शिफारशीप्रमाणे ती ६६-६७ भरायला हवीत. शंभर भरली, तर त्या रानाची खोली किती हे विचारा. फेब्रुवारीत कणसे कशी असतील याचा अंदाज मुलांना तेव्हाच वहीत लिहून ठेवू द्या, आणि काढणीच्या वेळी तो पडताळून पाहा.