गल्लीत ऊन नाही, तरी भाजी येते

पालेभाजीचा भाव वाढला की आपल्या घरच्या ताटातून सगळ्यात आधी तीच कमी होते. भाकर, वरण आणि चटणीवर दिवस निघतात. घरात सगळ्यांत शेवटी जेवायला बसणारी बाई तर उरेल त्यावर भागवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण १०० मध्ये ६९ होते.

यावर 'घरी परसबाग लावा' असा सल्ला नेहमी मिळतो. पण आपल्या वस्तीत परस आहे कुठे? दोन घरांमधला चार फुटांचा बोळ, न्हाणीमागची ओली जागा आणि ओट्याच्या कडेची पट्टी, एवढीच आपली जमीन. धामणगाव रेल्वेच्या अशाच एका बोळात आम्हीही टमाटर, वांगी आणि मिरची लावून पाहिली. रोपे बारीक राहून उंच झाली आणि उजेडाकडे वाकली. फुले आली ती गळून गेली. हात वाईट म्हणून असे होत नाही, निवड चुकली म्हणून होते.

लक्षात ठेवायचा नियम सोपा आहे. ज्याचे फळ खायचे त्याला रोज सहा तास तरी ऊन हवे. ज्याचे पान किंवा कंद खायचा त्यातल्या पुष्कळ झाडांना दोन-चार तासांचे ऊन आणि बाकी वेळ चांगला उजेड पुरतो. फळ धरायला झाडाला जास्त अन्न तयार करावे लागते, आणि ते अन्न उन्हातच तयार होते.

आधी ऊन मोजा

सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता जागा पाहा. ऊन कुठे आहे तिथे खडूने खूण करा. हे हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करावे, कारण ऊन जागा बदलते. आपल्या भागात डिसेंबरमध्ये भर दुपारीही भिंतीची सावली जवळपास भिंतीच्या उंचीइतकी लांब पडते. दहा फुटांच्या भिंतीच्या उत्तरेला तेव्हा जमिनीवर ऊन येतच नाही. मेच्या अखेरीस सूर्य दुपारी डोक्यावर असतो, तेव्हा त्याच बोळात कडक ऊन उतरते.

पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या आपल्या वऱ्हाडात सावली ही उणीवच आहे असे नाही. उघड्यावरचा पालक आणि सांबार उन्हाळ्यात लवकर फुलावर येतो. भिंतीच्या सावलीत तो काही दिवस जास्त टिकतो.

कोणत्या जागी काय लावावे

न्हाणीमागच्या ओल्या जागी धोपा लावा. पुस्तकात त्याला अळू म्हणतात. ज्या घरी त्याची पाने खातात त्याच घरून कंद आणा, रानातला आणू नका. संडासाचे किंवा गटाराचे पाणी त्याला जाऊ देऊ नका. धोप्याने घसा खाजतो, म्हणून चिंच घालून पूर्ण शिजवावा. मुतखडा असणाऱ्यांनी तो टाळलेला बरा.

अर्धवट सावलीच्या बोळात हळद आणि आले चांगले येते. मेच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसात डोळा असलेला तुकडा दोन इंच खोल लावा. पोत्यातही चालते. आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळली की काढा.

पुदिना विकत आणलेल्या जुडीतूनच होतो. पाने खुडून काड्या पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. त्याला रुंद टोपले द्या, तो पसरत जातो. जाड पानांचा पानओवा तर नुसती फांदी खोचली तरी लागतो. त्याची भजी मुले आवडीने खातात.

तीन-चार तास ऊन मिळत असेल तर पालक, चुका, सांबार आणि भिंतीवर चढणारी मायाळू लावा. सांबारासाठी धणे रगडून दोन फाके करून पेरावेत. मायाळूची पाने खुडली की नवी फुटतात, त्यामुळे एक वेल बरेच दिवस भाजी पुरवतो.

पाणी कमी, माती भुसभुशीत

सावलीतली झाडे पाण्याच्या कमतरतेपेक्षा जास्त पाण्याने मरतात, कारण तिथली माती लवकर वाळत नाही. बोट दोन पेर खोल घालून पाहा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नका. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून एक वाटा माती, एक वाटा रेती आणि एक वाटा कुजलेले शेणखत असे मिसळा. तेलाचा डबा, फुटका माठ, फाटके पोते काहीही चालेल, पण बुडाला भोके हवीत. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी झाडाला घाला.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एकदा ताटल्या कोरड्या करा.

औषध म्हणून झाड

जीवकाची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परत आला. पण ही परीक्षा देण्यापूर्वी तो सात वर्षे शिकला होता, हेही त्याच गोष्टीत आहे. अडुळसा आणि गुळवेल अर्ध्या सावलीत उत्तम वाढतात. तरी गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये, आणि यकृताचा त्रास असणाऱ्याने गुळवेलीचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. झाडाची ओळख पटत नसेल तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. तिकडे जाणे झाले तर झाडे डोळ्यांनी पाहून या.

शोभेसाठी डिफेनबाकिया लावू नका. मोठ्या पानांवर पांढरे ठिपके असलेले हे झाड सावलीत छान दिसते, पण पान चावले तर लहान मुलाची जीभ आणि घसा सुजतो. मनी प्लँटने चुलीचा धूर जातो असेही समजू नका. धुरासाठी खिडकी उघडी लागते.

भाजी घरची असली तरी रक्त कमी असेल तर आशाताईंकडून मिळणारी लोहाची गोळी चालूच ठेवावी. पालेभाजीने एकटीने रक्त भरून निघत नाही. जेवताना लिंबू पिळले तर भाजीतले लोह अंगी जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागते.

ऊन लागणाऱ्या झाडांचे काय?

शेवगा, लिंबू आणि पपई बोळात होणार नाहीत. त्यांना विहाराचे अंगण आहे. तिथे ऊन आहे आणि पाणी घालायला माणसेही येतात. विहारातल्या एका शेवग्याचा पाला अनेक घरांना पुरतो, मात्र तो कोणी किती न्यायचा हे सगळ्यांनी बसून ठरवावे.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला आपण संध्याकाळी जमतो, आणि झाडे लावण्याचे दिवसही तेच असतात. यंदा येताना घरचा एक कंद किंवा एक फांदी सोबत आणा आणि जिच्या घरी नाही तिला द्या. धोपा, पुदिना, पानओवा ही वाटल्याने कमी होणारी झाडे नाहीत. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल, तोवर पुदिना आणि धोपा खुडायला आलेला असेल. तो शिजला की घरच्या बाईने त्या दिवशी सगळ्यांसोबत जेवायला बसावे.