नारिंगी दिवा लागला की

रात्री पावणेदोनला फोन वाजतो. व्हाइटफील्डच्या डेटा सेंटरमधला मुलगा सांगतो, "मॅडम, एक डिस्क गेली. नारिंगी दिवा लागलाय." मी एवढंच विचारते, "स्पेअर लागली का? रिबिल्ड किती टक्के झालं?"

सांगलीहून बंगळूरला येऊन मला सतरा वर्षं झाली, सगळी स्टोरेजच्या कामात. आई अजून विचारते, "डिस्क बिघडणारच असेल, तर तुझं काम काय गं?" माझं काम हेच, की ती बिघडली तरी बँकेच्या खिडकीवरच्या माणसाला कळू नये.

1988 मध्ये बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडलं, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात. डिस्क वाढल्या की बिघाडही वाढणार, म्हणून सावरण्याची सोय त्यांनी रचनेतच ठेवली. हीच 'रेड' पद्धत.

चार टेराबाइटच्या आठ डिस्क घ्या. रेड 0 मध्ये माहितीचे तुकडे आठही डिस्कवर पसरतात. वेग उत्तम, 32 टेराबाइट जागा पूर्ण वापरता येते, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. रेड 1 मध्ये प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहितात. अशा जोड्यांवर तुकडे पसरले की रेड 10. जागा निम्मी, 16 टेराबाइट, तरी घाईच्या डेटाबेसला मी तेच सुचवते.

रेड 5 समजायला दूधवाल्याची वही आठवा. सात दिवसांचं दूध आणि खाली बेरीज. बुधवारचा आकडा पाण्याने पुसला, तरी बेरजेतून बाकीचे सहा वजा केले की तो सापडतो. संगणक बेरजेऐवजी फक्त 'एक' किती वेळा आला, सम की विषम, हे नोंदवतो. ती नोंद म्हणजे पॅरिटी. ती आठही डिस्कवर आळीपाळीने ठेवतात. जागा मिळते 28 टेराबाइट.

खरी परीक्षा रिबिल्डमध्ये असते. नवी डिस्क भरायला उरलेल्या सातही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कला त्यात दिवस उलटतो. एका ग्राहकाकडे आठही डिस्क एकाच खेपेतल्या, एकाच वयाच्या होत्या. रिबिल्ड अर्ध्यावर असताना दुसरी गेली आणि रेड 5 चं गणित तिथेच संपलं. आदल्या रात्रीच्या टेपवरून सगळं परत आणलं, पण त्या दिवसाचं काम बुडालं. हिशेब लिहिणाऱ्या बाईंचा चेहरा मी विसरलेले नाही.

रेड 6 यासाठीच आहे. त्यात दोन वेगवेगळ्या नोंदी असतात, जागा 24 टेराबाइट, आणि दोन डिस्क गेल्या तरी माहिती उरते. व्हाइटफील्डमध्येच मोठं केंद्र असलेल्या नेटॲपच्या संशोधकांनी 2004 मध्ये अशा दुहेरी पॅरिटीची एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली.

तरीही रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून फाइल पुसली, तर रेड तीही आज्ञा इमानाने पाळतं. म्हणून दर शुक्रवारी आम्ही टेपवरून एक फाइल परत आणून उघडून पाहतो. ती उघडली की मगच मी घरी निघते.