भिंतीतील मधमाश्या

गृहकलहाची कारणे शास्त्रकारांनी पुष्कळ सांगितली असतील. परंतु भिंतीतील मधमाश्या हे कारण त्यांच्या ध्यानी आले नसावे. गेल्या फाल्गुनात आमच्या नांदेडच्या जुन्या घरी तो प्रसंग आला. परसदाराच्या बाजूने भिंतीस बोटभर रुंदीची एक भेग आहे. तीतून माश्यांची ये-जा सुरू झाली, आणि रात्री माजघरात त्याच भिंतीला कान लावला की तंबोऱ्यासारखा अखंड नाद ऐकू येऊ लागला.

घरात तत्काळ दोन पक्ष पडले. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, आज रात्री टेंभा लावून सारे जाळून टाकू. घरात पोरेबाळे आहेत." काकू नव्वदीच्या घरात आहेत, त्या कडाडल्या, "मधुपर्काला मध लागतो म्हणून बाजार धुंडाळता, आणि तो आपल्या पायांनी घरी आला तर त्याला आग लावता?" पुढे दोन्ही पक्ष अर्धेच खरे ठरले. असा प्रसंग आमच्या भागात अनेक घरी येतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माशी ओळखावी. जिच्या हल्ल्याच्या वार्ता आपण वाचतो, ती आग्यामाशी भिंतीत कधीच राहत नाही. तिचे एकच मोठे पोळे उंच झाडास, किल्ल्याच्या बुरुजास किंवा पाण्याच्या टाकीस उघड्यावर लोंबते. फुलोरी माशीचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या फांदीवर असते. अंधाऱ्या पोकळीत घर करते ती सातेरी. ती एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते, म्हणूनच तिला सातपुडी असेही नाव आहे. तशाच पोकळीत मुंगीएवढ्या काळ्या, डंख नसलेल्या माश्याही राहतात. त्यांच्यापासून भय नाही. मातीची घरकुले लिंपणारी कुंभारीण आणि कागदासारखे पोळे करणारी गांधीलमाशी ह्या तर मधमाश्याच नव्हेत. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार निरनिराळ्या माश्यांवरून सांगितले आहेत. आपण मात्र सर्वांस एकाच टेंभ्याने हाकलू पाहतो!

आता जाळण्याविषयी. आमच्याकडील माळवदाच्या घरांत भिंतींलगत सागवानी खांब आणि वर तुळया असतात; शेकडो उन्हाळ्यांनी वाळलेले ते लाकूड पेटले तर घर वाचणे कठीण. विषारी फवारा मारला तर माश्या मरतात, पण पोळी आतच राहतात. सातेरी माशी आपल्या पोळ्यांतील उष्णता पंख हलवून सुमारे ३५ अंशांवर राखते. ती मेली की वारा घालणारे कोणी उरत नाही. वैशाखात आमच्याकडे पारा ४२ अंशांवर जातो. तेव्हा मेण मऊ पडते, पोळी गळतात, आणि मध भिंतीतून पाझरू लागतो. मागोमाग मुंग्या, मेणकिडे आणि मेलेल्या पिलाव्याची दुर्गंधी. तो विषारी मध लुटावयास दुसऱ्या वसाहतींच्या माश्या येतात आणि त्याही मरतात.

काकूंच्या पक्षातही उणे होते. पोळे उंचावर, रहदारीपासून दूर असेल तर त्याला खुशाल राहू द्यावे. आमची भेग नहाणीच्या वाटेवर, मुलांच्या डोक्याएवढ्या उंचीवर होती. आठव्या दिवशी धाकट्या नातवाने तिच्यात काडी घातली, आणि त्यास तीन डंख बसले. मधमाशीच्या नांगीस उलटे काटे असतात. ती कातडीत रुतून राहते आणि तिची विषाची पिशवी विष सोडीतच असते. म्हणून ती नखाने तत्काळ खरडून काढावी. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा एक गंध सुटतो, त्याने इतर माश्या चवताळतात. तेव्हा तेथे न थांबता दूर जावे. अर्धापूरच्या केळीबागांचा वास आम्हांस परिचित. तोच वास त्या दिवशी परसात आला तेव्हा आम्ही मुलांस प्रथम आत घेतले. नातवास सूज येण्यापलीकडे काही झाले नाही. परंतु डंखानंतर धाप लागणे, ओठ-जीभ सुजणे, सर्वांगावर गांधी उठणे किंवा घेरी येणे ह्यांपैकी काहीही दिसले तर घरगुती लेप करीत न बसता रुग्णास तडक रुग्णालयात न्यावे.

त्या दिवसानंतर दोन्ही पक्ष एक झाले. प्रशिक्षित मधपाळास बोलावण्याचे ठरले. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरी मध संचालनालय आहे. जिल्ह्याच्या खादी-ग्रामोद्योग कार्यालयातही अशा माणसांची चौकशी करता येते. मधपाळ सायंकाळी, माश्या घरी परतल्यावर आला. गोवरीचा बेताचा धूर दिला. धुराने केळ्यासारखा तो गंध झाकला जातो आणि माश्या मध पिण्यात गुंततात. मग त्याने भेगेभोवतीचे दगड एकेक करून काढले. आत सहा पोळी होती. पिलाव्याची पोळी त्याने सुरीने कापून लाकडी चौकटींत दोऱ्याने बांधली व पेटीत लावली. राणीमाशी हाती लागताच तिला पेटीत सोडले. मग माश्यांची रांगच तिच्यामागे आत शिरली. पेटी रात्रभर तेथेच ठेवून पहाटे उचलली. पोकळीतील मेण खरवडून काढावे, असे तो बजावून गेला. कारण त्या वासाने पुढील वर्षी नवा थवा येतो.

आमच्या मनात राहिले ते मात्र निराळेच. पोकळीत हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. ही पोकळी माश्यांनी कोरली नव्हती. सातेरी भिंत कोरीत नाही, तयार पोकळी शोधते. आमची अडीच फूट जाडीची भिंत म्हणजे वस्तुतः दोन पातळ भिंती होत्या. मधील माती आणि दगडगोटे खाली बसले होते, आणि दोहोंस बांधणारा आरपार दगड कोठेच नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर जिल्ह्यात कोण विसरेल? अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात सुमारे ६.२ प्रतीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे बाह्य व आतील थर एकमेकांपासून सुटले, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी माती टाकून जड झालेली माळवदे खाली आली. जाडी म्हणजे बळकटी, ही आमच्या वाडवडिलांची समजूत त्या पहाटे खोटी ठरली. आम्ही ते सारे वाचले, वर्गात मुलांस शिकविलेही. आणि स्वतः तीस वर्षे तशाच भिंतीशेजारी नातवंडे निजवीत आलो!

आम्ही अभियंत्यास बोलावून संबंध घर दाखविले. त्याच्या सल्ल्याने भिंतींत ठिकठिकाणी आरपार छिद्रे पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरले, पोकळ्या बुजविल्या, आणि माळवदावरील जादा माती उतरविली. खर्च झाला, धाकट्या बंधूंनी कुरकुर न करता अर्धा वाटा उचलला. भिंतीत माश्या आल्या म्हणजे प्रत्येक घर पडावयास आले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जेथे त्यांस जागा मिळाली, तेथे पोकळी आहे एवढे निश्चित. ती किती मोठी आहे, हे भेग लिंपून टाकण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

माश्यांची पेटी आता बंधूंच्या शेतात, बांधावरील कडुलिंबाखाली आहे. शेजारी सूर्यफूल आहे. त्याचे दाणे भरावयास माश्यांची गरज असते, हे बंधू हल्ली इतरांस समजावून सांगतात. भिंतीतून निघालेला वाटीभर मध काकूंनी देवघरात ठेवला आहे. घरातील पुढच्या मंगलकार्यात मधुपर्कास तोच घ्यावयाचा, अशी त्यांची आज्ञा आहे.